सात घोडे आणि एक उंदीर

शिवजयंतीला कोल्हापुरात कुठल्याही पेठेतून चक्कर मारा. तालमीच्या दारात मांडव, मांडवात महाराजांची मूर्ती, समोर पोरे लाठी-पट्टा फिरवताहेत आणि कर्ण्यावर गाणे लागलेले असते, नेसरीच्या खिंडीत शत्रूवर धावून गेलेल्या सात वीरांचे. शब्द कुसुमाग्रजांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा. शाळकरी पोरालाही ते तोंडपाठ असते. आता त्याच पोराला दोन प्रश्न विचारून पाहा. प्रतापराव गुजर हे सरनौबत, म्हणजे स्वराज्याच्या सगळ्या घोडदळाचे मुख्य. हजारो स्वार हाताशी असलेला हा माणूस अवघे सहा जण घेऊन शत्रूच्या फौजेवर का गेला? आणि बाकीचे घोडदळ त्या वेळी कुठे होते?

पोरगे गप्प बसते. बहुतेक वेळा त्याचे आईवडीलही. त्यांचा यात काही दोष नाही, कारण ही कविता त्या प्रश्नांसाठी लिहिलेलीच नाही. उत्तरे वेगळ्या प्रकारच्या लिखाणात शोधावी लागतात. तिथे गेल्यावर कळते की लढाई एकच असली तरी ती कोणी, कोणासाठी आणि किती काळाने सांगितली यावर तिचे रूप ठरते. त्या लढाईतला नेता कसा दिसणार, तेही त्यावरच ठरते. हे कसे घडते ते नेसरीवरूनच पाहू. गाव आपल्याच जिल्ह्यातले, गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना वाटेत लागणारे. खिंडीत आता सात वीरांचे स्मारकही आहे.

आधी उमराणी

गोष्ट नेसरीत सुरू होत नाही. 1673 च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने निवडक साठ माणसे घेऊन एका रात्रीत पन्हाळा सर केला. विजापूरच्या आदिलशाहीला हे झोंबले. अब्दुल करीम बहलोलखान हा त्यांचा मातबर पठाण सरदार पन्हाळ्याच्या रोखाने निघाला. त्याला वाटेतच अडवायचे काम प्रतापरावांकडे आले.

एप्रिलमध्ये जतजवळच्या उमराणीला दोघांची गाठ पडली. ऐन उन्हाळा आणि जतचा कोरडा मुलूख. मराठ्यांनी खानाच्या फौजेचे पाणी तोडले. उन्हात तापलेली माणसे, त्याहून तापलेले घोडे आणि हत्ती, आणि पाणवठ्यावर मराठ्यांचा पहारा. झुंज झाली, पण खरा मार पाण्याचा होता. खान जेरीला आला, त्याने रदबदली केली आणि प्रतापरावांनी त्याला वाट करून दिली.

महाराजांना हे रुचले नाही. हाती आलेला शत्रू सोडलाच का, हा त्यांचा सवाल होता. आणि तो रास्तच ठरला, कारण काही महिन्यांतच खान पुन्हा उलटून आला. तेव्हा महाराजांनी प्रतापरावांना लिहिले की खानाला बुडवा, नाहीतर आम्हाला तोंड दाखवू नका. पुढे 24 फेब्रुवारी 1674 रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, नेसरीला प्रतापराव पडले. रायगडावरचा राज्याभिषेक तेव्हा साडेतीन महिन्यांवरही नव्हता.

एवढी पार्श्वभूमी हातात आली की पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. प्रतापरावांच्या मनावर एक जुना निर्णय आणि त्यावर मिळालेला ठपका यांचे ओझे होते. पण सहाच जण का, हे अजून सुटलेले नाही.

तीन कागद, तीन गरजा

लढाईनंतर तिच्याबद्दल लिहिणारे लोक एकाच कारणासाठी लिहीत नाहीत. नेसरीबाबत तीन महत्त्वाचे कागद आपल्याकडे आहेत, आणि तिन्हींची गरज निराळी.

सर्वांत जवळचा कागद मराठी माणसाने लिहिलेला, पण इंग्रजांसाठी. नारायण शेणवी हा मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी. बोलणी करण्यासाठी तो रायगडावर होता आणि तिथून त्याने 4 एप्रिल 1674 रोजी मुंबईला पत्र पाठवले. लढाईला तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. पत्रातला मजकूर असा: दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले, त्यांच्या बाकीच्या फौजेची त्यांना मदत झाली नाही, आणि आता आनंदरावांकडे फौज दिली आहे. शेणव्याच्या धन्यांना शौर्याशी कर्तव्य नव्हते. व्यापाराच्या वाटा कोणाच्या हाती जाणार, मराठ्यांची फौज कोण चालवणार, हे त्यांना कळायला हवे होते. म्हणून पत्रात जागा आहे, आकडा आहे, पुढच्या माणसाचे नाव आहे, हुंदका नाही.

दुसरा कागद जेधे शकावलीचा. शकावली म्हणजे सालवार घडामोडींची टिपणवही. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी ती सांभाळलेली होती. कोणत्या तिथीला काय झाले, एवढेच त्यात असते. नेसरीच्या शिवरात्रीची तिथी आपल्याला तिच्यामुळे पक्की मिळते. तिथे कारणे नाहीत, भावना नाहीत, विशेषणे तर मुळीच नाहीत. इतिहासकाराला असला कोरडा कागद फार आवडतो. फुगवून सांगण्यात लिहिणाऱ्याचा काही फायदा नसतो, म्हणून.

तिसरी सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या दरबारातला. ही बखर त्याने 1697 च्या सुमारास तमिळ मुलखात जिंजीच्या किल्ल्यात, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. ते चित्र नीट डोळ्यांपुढे आणा. वडिलांनी उभे केलेले राज्य मोगलांनी पोखरले आहे, स्वतः राजा घरापासून दूर एका वेढ्यात अडकला आहे, आणि तो म्हाताऱ्या कारभाऱ्याला विचारतो आहे की थोरल्या महाराजांनी हे सगळे कसे जमवले. सभासद जे लिहितो ते या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यामुळे त्याच्या नेसरीत महाराज केंद्रस्थानी आहेत, त्यांचा राग आणि त्यांचे दुःख आहे. त्याच्या मते तिथे मोठे युद्ध झाले आणि पुष्कळ माणसे पडली. सात जणांचा उल्लेख त्याच्याकडे नाही.

चौकट
कोणता मजकूर लढाईपासून किती दूर

24 फेब्रुवारी 1674: नेसरीची लढाई.
4 एप्रिल 1674: नारायण शेणव्याचे पत्र. प्रतापराव आणि सहा स्वार, अरुंद वाट, फौजेची मदत नाही.
जेधे शकावली: तिथी आणि घटना, बाकी काही नाही.
1697 च्या सुमारास: सभासदाची बखर. महाराजांचा ठपका, मोठे युद्ध, महाराजांचे दुःख.
विसावे शतक: कुसुमाग्रजांची कविता. सात वीर, एक झेप.
1974: ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेतले गाणे, राज्याभिषेकाच्या तीनशेव्या वर्षी.

सहा अधिक एक

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सात हा आकडा शेणव्याच्या पत्राशी जुळतो: सहा स्वार आणि प्रतापराव. आकडा म्हणजे कवीच्या कल्पनेतून आलेला नाही. पण त्या आकड्याचा अर्थ मात्र वाटेत बदलला आहे.

पत्र नीट वाचले तर त्यातून असे दिसते की खिंडीच्या अरुंद तोंडाशी पुढची तुकडी आणि मागची फौज यांची ताटातूट झाली. फौज होती, पण पोचली नाही. अशा जागी शंभर घोडी असोत की पाच हजार, तोंडाशी एका वेळी मावतील तेवढीच कामाची. पुढच्या माणसाने घोड्याला टाच मारली आणि मागच्याला ते उशिरा कळले, तर मधले अंतर भरून काढता येत नाही. सभासदाचे मोठे युद्ध आणि शेणव्याचे सात जण या दोन गोष्टी मग एकमेकींच्या आड येत नाहीत: सात जण तुटून पडले आणि बाकीच्यांची झुंज निराळी झाली, असे दोन्ही एकत्र बसते. माझा कल याच बाजूला आहे.

कवितेत याच सात जणांनी फौज मागे ठेवून मृत्यूकडे जायचे जाणून ठरवलेले असते. घटनेचा निर्णय होतो. साहित्याची ही मुख्य किमया आहे, आणि ती फक्त आपल्याकडेच चालते असे नाही. ग्रीसमध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत इ.स.पू. 480 साली लढलेले तीनशे स्पार्टन जगाला माहीत आहेत. त्यांची कहाणी लिहून ठेवणारा हिरोडोटस स्वतःच सांगतो की शेवटच्या दिवशी थेस्पिया नावाच्या गावचे सातशे लोकही तिथेच थांबले आणि मेले. तीनशेंवर चित्रपट निघतात, सातशेंचे गाव कोणाच्या ओठी नाही. गोष्टीत एक आकडा मावतो, दोन मावत नाहीत.

नेसरीच्या सात जणांची नावे हल्ली फलकांवर आणि मोबाईलवर फिरत असतात. शेणव्याच्या पत्रात प्रतापरावांखेरीज एकही नाव नाही, सभासदाकडे तर सातांचा हिशोबच नाही. लोकांना नावे हवीत, यात वावगे काही नाही. बिननावाच्या सहा माणसांना हार घालताना हात अडखळतोच.

एक अळणी, दोन रस्से

कोल्हापूरकराला हे समजावणे सोपे आहे. मटण शिजवून निघालेली अळणी एकच. तिच्यात कांदा-लसणाची चटणी पडली की तांबडा होतो, नारळाचे दूध पडले की पांढरा. तांबड्याची वाटी समोर ठेवून कोणी म्हणेल की हीच अळणी, तर ते खरेही आणि खोटेही. इतिहासकाराचे काम रश्श्यावरून अळणीचा अंदाज बांधण्याचे असते. कवीचे काम रस्सा उत्तम करण्याचे. गोंधळ होतो तो एकाचे काम दुसऱ्याकडे मागितले की.

कवी काय करतो ते टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखे आहे. सर्वांत आधी तो मागचे-पुढचे कापून टाकतो. उमराणीचे पाणी गेले, आनंदरावांची नेमणूक गेली. उरतो फक्त तो क्षण, टाच मारण्याचा. पुढे तो कारण एकच ठेवतो, मनाला लागलेला शब्द. लढाईत खरे तर कारणांचा गुंता असतो: भूगोल, चुकलेली वेळ, दमलेली जनावरे, न पोचलेला निरोप. गुंत्यावर गाणे होत नाही. मग तो शत्रूला चेहरा देत नाही. बहलोलखान हा नफ्या-तोट्याचा विचार करणारा, एकदा शरण येऊन सुटलेला माणूस न राहता समोर पसरलेले सैन्य होतो. आणि या सगळ्यावर छंद येतो. घोड्याच्या टापांचा ठेका शब्दांना मिळाला की ऐकणाऱ्याचे अंग आधी हलते आणि डोके मागाहून येते.

हे सगळे शेलक्या नमुन्यात पाहायचे तर 1854 च्या क्रिमियन युद्धातली बालाक्लावाची लढाई घ्यावी. 25 ऑक्टोबरला इंग्रजांचे हलके घोडदळ रशियन तोफांच्या थेट तोंडावर गेले. साडेसहाशेहून अधिक स्वार होते, शंभरावर जागीच गेले. कारण होते एक धूसर लेखी हुकूम. टेकडीवर बसलेल्या लॉर्ड रॅग्लनला जे दिसत होते ते खालच्या लॉर्ड लुकनला दिसत नव्हते. हुकूम घेऊन गेलेला कॅप्टन नोलन हल्ल्याच्या सुरुवातीलाच मेला. आणि पुढे वर्षानुवर्षे वरिष्ठांनी एकमेकांवर ढकलाढकल केली. टेनिसनने वर्तमानपत्रातली हकीकत वाचली आणि डिसेंबरमध्ये त्याची कविता छापूनही आली. त्याने स्वारांची संख्या सहाशेवर आणली, कारण ती ठेक्यात बसते. हुकुमात चूक झाली हे तो दडवत नाही; पण चूक कोणाची, याची चौकशी न करता तो पुढे जातो. चौकशी मग इतिहासकारांनी केली, कारण तो कागद सापडला होता. नेसरीचा असा हुकुमाचा कागद नाही, म्हणून तिथे कवितेला मोकळे रान मिळाले.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. राजाश्रय किंवा लोकाश्रय असल्याशिवाय युद्धाची गाणी टिकत नाहीत. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आपल्याकडचा फार जुना पोवाडा. जिजाऊंच्या सांगण्यावरून तो गायला आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा मिळाला, हे पोवाड्यातच नोंदलेले आहे. बक्षीस देणाऱ्याला काय ऐकायचे आहे, ते शाहिराला कळत असणारच. आजचा बक्षीस देणारा म्हणजे तिकीट काढणारा प्रेक्षक.

कादंबरीचा कारखाना

मराठीत नेत्यांच्या ज्या कादंबऱ्यांनी दोन-तीन पिढ्यांचे मन घडवले, त्यांतल्या बहुतेकांचे लेखक या एका जिल्ह्यातले आहेत, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. ‘स्वामी’ (1962) आणि ‘श्रीमान योगी’ (1968) लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, म्हणजे नेसरीच्या जवळचेच. ‘मृत्युंजय’ (1967) आणि ‘छावा’ (1979) लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. ‘पानिपत’ (1988) लिहिणारे विश्वास पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेर्ल्याचे. शहरात बाबूराव पेंटर ‘सिंहगड’ (1923) काढत होते, पुढे भालजी पेंढारकरांनी ‘छत्रपती शिवाजी’ (1952) काढला आणि चंद्रकांत मांडरे यांचा चेहरा कित्येकांसाठी महाराजांचा चेहरा झाला.

कादंबरी कवितेपेक्षा वेगळे काम करते. ती नेत्याच्या डोक्यात शिरते. ज्या रात्री महाराज एकटे बसले होते, त्या रात्री ते काय बोलले, हे कुठल्याच कागदात नसते; कादंबरीत असते. वाचकाला नेत्याशी जवळीक वाटू लागते ती इथे. पण त्याची किंमतही आहे. सगळे आतून दिसू लागले की बाहेरची व्यवस्था धूसर होते. राज्य म्हणजे एका माणसाचे मन, असे वाटू लागते. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची जी लांबलचक, पत्ररूप प्रस्तावना आहे ती याच दुखण्यावर बोट ठेवते. कादंबरीकारालाच इतिहासाचे इतके सविस्तर पत्र लिहावे आणि कादंबरीकाराने ते आपल्याच पुस्तकाला प्रस्तावना म्हणून जोडावे, हे दोघांचेही मोठेपण. प्रस्तावना टाळून सरळ पहिल्या प्रकरणाला लागणारे वाचक बरेच असतात. त्यांनी ती आता तरी वाचावी.

वैरण, चिलीम आणि उंदीर

मग कागदांतला नेता दिसतो तरी कसा? नेसरीच्याच दिवसांत राहू. प्रतापराव पडल्याची खबर आली तेव्हा महाराज कष्टी झाले, आपणच तसे लिहिले होते याची त्यांनी आठवण काढली, हे सभासद सांगतो. पण लगोलग तो त्यांच्या तोंडी आणखी एक विचार घालतो: आता लष्कराचा बंदोबस्त कसा व्हायचा, सरनौबत कोणाला करायचे? दुःख आणि रिकामी जागा, दोन्ही एका दमात. कवितेने पहिले ठेवले, दुसरे सोडले. आनंदरावांनी फौज सावरली आणि महिन्याभरात कर्नाटकात घुसून खानाच्या जहागिरीतली संपगावची पेठ लुटली. पुढे चिपळूणच्या छावणीवर हंसाजी मोहिते यांना सरनौबती आणि ‘हंबीरराव’ हा किताब मिळाला.

या चिपळूणच्या छावणीचा एक अस्सल कागद आहे, 1673-74 च्या सुमाराचा. तिथल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, हवालदारांना, कारकुनांना महाराजांनी लिहिलेले पत्र. नेतृत्व म्हणजे काय ते ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ते मुळातून वाचावे. पावसाळा तोंडावर आहे, वैरणीचा साठा करून ठेवला आहे. तो आत्ताच मन मानेल तसा उधळलात तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कोणी दाणे उचलेल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजी. रयत परागंदा होईल आणि म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे.

पुढे पत्र आणखी खाली उतरते, अगदी गवताच्या गंजीपर्यंत. कोणी चुली पेटवेल, कोणी चिलीम ओढताना विस्तव पाडेल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवून झोपेल. एखादा उंदीर त्या दिव्याची पेटती वात तोंडात धरून पळेल आणि गंज पेटेल. मग पावसाळ्यात घोडी जगवायची कशी? दिवे विझवून झोपा, विस्तव जपा.

राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर असलेला राजा उंदराचा विचार करतो आहे. घोडदळाचा सगळा कणा वैरणीवर उभा आहे हे त्याला कळते, म्हणून. उमराणीला पाणी तोडून खानाला नमवले ते याच समजुतीवर. तिथे शत्रूचे पाणी, इथे आपली वैरण, हिशोब एकच. आणि हा हिशोब पटला की महाराजांचा प्रतापरावांवरचा रागही वेगळा दिसू लागतो. तहानेने अर्धमेली झालेली फौज हातातून सोडून देणे म्हणजे महिन्यांची मेहनत पाण्यात घालणे, आणि पुन्हा तीच लढाई खिंडीत, अवघड जागी, शत्रू ताजातवाना असताना करणे. ठपका शब्दांत तिखट होता. त्यामागचे गणित थंड डोक्याचे होते. तो लिहिताना समोरचा माणूस शब्द किती मनाला लावून घेईल, याचा अंदाज मात्र महाराजांचाही चुकला असावा. सभासदाने त्यांची हळहळ नोंदवली आहे ती बहुधा त्यामुळेच.

शत्रूची साक्ष

नेत्याची खरी उंची मोजायला इतिहासकार आणखी एक युक्ती वापरतात: शत्रू काय म्हणतो ते पाहतात. दरबारी माणसाने केलेली स्तुती अर्धी वजा करून घ्यावी लागते. विरोधकाने केलेली स्तुती बहुधा पूर्ण घेता येते, कारण ती त्याच्या सोयीची नसते.

याचे उत्तम उदाहरण कोल्हापूरच्या गादीच्या मुळाशीच आहे. हंबीरराव मोहिते सरनौबत झाले, त्यांची मुलगी ताराबाई राजाराम महाराजांना दिली. योगायोग असा की राजाराम महाराजांची आणखी एक राणी, जानकीबाई, ही प्रतापरावांची मुलगी. 1700 साली राजाराम महाराज गेले तेव्हा औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून होता. त्या वेळी ताराबाईंनी कारभार हाती घेतला आणि सात वर्षे मोगलांशी झुंज चालवली. मोगल पक्षाचा इतिहासकार खाफीखान मराठ्यांबद्दल चांगले बोलताना हात आखडता घेणारा. त्यानेही या बाईच्या हुशारीची आणि कारभाराच्या जाणकारीची कबुली दिली आहे. पुढच्या काळात सातारा आणि पेशव्यांच्या बाजूने झालेल्या लिखाणात मात्र त्याच ताराबाई हट्टी आणि कारस्थानी दिसतात. बाई एकच, लिहिणारा कोणाच्या ताटात जेवतो, एवढाच फरक.

ताराबाईंवर पुस्तके नाहीत असे नाही, पण सात वीरांसारखे गाणे त्यांच्या वाट्याला आलेले नाही. कारण शोधायला लांब जायला नको. त्यांच्या युद्धात एक झेप नाही. किल्ला लढवायचा, बादशहाचा वेळ आणि पैसा जाळायचा, अगदीच गळ्याशी आले की रक्कम घेऊन किल्ला सोडायचा, आणि बादशहाची पाठ वळली की परत घ्यायचा. दरम्यान सरदारांनी मोगली मुलखात शिरून वसूल करायचा. असले युद्ध सात वर्षे चालते आणि त्याचा एकही क्षण चित्रात पकडता येत नाही.

पन्हाळा ते विशाळगड या एकाच वाटेचे दोन पावसाळे शेजारी ठेवून पाहा. जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून महाराज एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात ही वाट काटून विशाळगडावर पोचले. मागे खिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसे लढत राहिली. त्या रात्रीवर पोवाडे आहेत, चित्रपट आहेत, अरविंद घोषांची इंग्रजी कविता आहे, आणि दर पावसाळ्यात हजारो पोरे ती वाट चालतात. 1702 च्या जूनमध्ये औरंगजेबाला विशाळगड मिळाला, तोही मराठ्यांना रक्कम मोजून. मग तो त्याच प्रदेशातून पन्हाळ्याकडे परत निघाला. सह्याद्रीचा पाऊस, फुगलेले ओढे, चिखलात रुतलेले हत्ती आणि उंट, वाहून गेलेले सामान. त्या थोडक्या अंतराला बादशाही लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. हातात आलेला किल्ला मोगलांना असा महागात पडला.

या महिन्यावर कादंबरी लिहावी असे ज्या कोणाला वाटेल, त्याची साधनांची अडचण होणार नाही. अप्पासाहेब पवारांनी संपादित केलेले ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’चे खंड शिवाजी विद्यापीठाने केव्हाच छापून ठेवले आहेत.